सिग्नलला बंद पडणारी परदेशी टूरर: सोलापूरच्या उन्हावर खापर फोडण्याआधी हे तपासा

टूरर म्हणजे लांबच्या प्रवासासाठीची मोठी मोटारसायकल. आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

हायवेला गाडी लोण्यासारखी चालते. पुण्याहून निघाली की इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ करत अडीचशे किलोमीटर एका दमात येते आणि तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकत नाही. जुना पुणे नाका ओलांडून गर्दीत शिरलं, दोन-तीन सिग्नल लागले की काटा चढायला लागतो. पंखा सुरू होतो. पाच-सात मिनिटांत इंजिन दोन-तीनदा अडखळतं आणि बंद. स्टार्टर दाबला तर नुसतं ‘टक्’. मग ढकलत सावलीला न्यायची (तीनशे किलोची गाडी मेच्या दुपारी ढकलून बघा एकदा), वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, आणि बटण दाबलं की काही झालंच नव्हतं अशा थाटात सुरू. गॅरेजला दाखवून आणली की दोन-तीन आठवडे बरं चालतं. परत तेच.

दोन उन्हाळे हे चाललं होतं. दोन बॅटऱ्या, एक थर्मोस्टॅट, एक पेट्रोल पंप आणि टेम्पोतून पुण्याच्या तीन वाऱ्या एवढं झाल्यावर कारण सापडलं. ते वायरी जोडणाऱ्या बोटभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये होतं. पण प्लग बदलून भागलं नसतं, कारण तो जळायला वेगळंच निमित्त होतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी माझी नाही, दाजींची. अकरा वर्षं अमेरिकेत काढून ते सोलापुरात परत आले तेव्हा तिथे घेतलेली टूरर बरोबर घेऊन आले. जपानी कंपनीची, पण अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली: १३०० सीसी, चार सिलिंडर, पाण्यावर थंड होणारी, चेनऐवजी शाफ्ट, दोन्ही बाजूंना डबे, पुढे मोठं फेअरिंग (वारा अडवणारं प्लॅस्टिकचं आवरण). कंपनीचं नाव लिहीत नाही. दोष तिचा नव्हता, आणि या जातीच्या कुठल्याही गाडीला हे होऊ शकतं. मी गाड्यांचा मेकॅनिक नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमच्या मोटारी रिवाइंड करतो. त्यामुळे पहिलं दीड वर्ष मला कुणी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन तोंड घातलं नाही. बहिणीच्या सासरच्या गाडीत कशाला हात घाला.

वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, मुंबई बंदरातूनच उतरावी लागते, स्पीडोमीटर किलोमीटर दाखवणारा लागतो आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा लागतो. ड्युटी किती भरली ते लिहीत नाही, ताई हे वाचते. हेडलाइटची अट मात्र लक्षात ठेवा. कागदावर ती पूर्ण झाली होती. प्रत्यक्षात एजंटने काचेवर एक काळी पट्टी चिकटवून दिली होती आणि ती पहिल्याच पावसाळ्यात गळून पडली.

काय काय बदललं आणि तरी का बरं वाटलं नाही

पहिला संशय अर्थातच उन्हावर. गॅरेजवाले, शेजारी, पानटपरीवाला, सगळ्यांचं एकच: अमेरिकेची गाडी, तिला सोलापूर कसं झेपणार. यात तथ्य नाही असं नाही. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो ते कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. पंखा सुरू होतो तेव्हा कूलंट साधारण १०५ अंशांवर असतं. बाहेर ३० असेल तर फरक ७५ चा. आपल्याकडे मेमध्ये ४३ असेल तर फरक राहिला ६२. रेडिएटर तोच, हवा तेवढीच, पण काम जवळजवळ सहाव्या हिश्श्याने कमी. पण हीच गाडी अमेरिकेत ॲरिझोनासारख्या वाळवंटी भागातही विकली जाते, आणि तिथला उन्हाळा आपल्याला लाजवणारा. म्हणजे उन्हाने गाडीची ताकद थोडी खाल्ली, पण नुसत्या उन्हाने ती रस्त्यात बंद पडायला नको. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि झाकणाचा दाब धड असेल तर ते १२० अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. दाजींचं एकदाही उकळलं नव्हतं. काटा चढत होता, लाल पट्ट्यात जात नव्हता. ही गोष्ट तेव्हाच कुणीतरी नीट बघायला हवी होती.

तरी थर्मोस्टॅट बदलला, कूलंट बदललं. इथे एक चूक इथल्याच एका गॅरेजमध्ये आधी झाली होती: कमी झालेलं कूलंट बोअरच्या पाण्याने भरलं होतं. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गिझरच्या कॉइलला विचारा. तेच पांढरं खवलं रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतं. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, तेच वापरा. काम चांगलं झालं, गाडी तीन आठवडे बरी चालली. तेवढ्यात वळवाचे दोन पाऊस झाले होते हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या वेळी बॅटरी. ‘टक्’ आवाज येतो म्हणजे बॅटरी गेली, हा निष्कर्ष चुकीचा नाही, पण अर्धा आहे. नवी, पूर्ण भरलेली बॅटरी म्हणजे शिल्लक पैसा. कमाई खर्चापेक्षा कमी असली तरी शिल्लक आहे तोवर घर चालतं. दोन-अडीच आठवड्यांत ती संपली आणि गाडी सात रस्त्याला परत उभी.

तिसऱ्या वेळी पेट्रोलवर आलं. आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. आपला जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथेनॉल हा सोलापुरात घरगुती विषय आहे. ज्याला त्याला त्यावर मत आहे. ‘गरम झालं की पेट्रोलची वाफ होते आणि पाइपात अडकते’ असं दाजींना तिघांनी सांगितलं. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना हे होतं, खोटं नाही. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला असतो आणि लाइन जवळपास तीन बारच्या दाबाखाली असते. त्या दाबाला पाइपात वाफ अडकणं फार अवघड. तरी पंप बदलला. पंप स्वस्त नव्हता. जुना पंप मी नंतर माझ्या दुकानात १२ व्होल्टवर लावून बघितला, ठणठणीत आहे. दाजींनी तो कपाटात ठेवलाय, ताईला दाखवत नाहीत.

इथेनॉलबद्दल एवढंच: अमेरिकेत दहा टक्क्यांचं सर्रास चालतं आणि तिथली मॅन्युअल तेवढ्यालाच परवानगी देतात. वीस टक्क्यांवर मायलेज थोडं घटतं. रबरी होज दर सहा महिन्यांनी दाबून बघा, चिकट किंवा फुगलेली वाटली तर बदला. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. ऑक्टेनची काळजी करू नका. अमेरिकेच्या पंपावरचा ८७ आणि आपल्या पद्धतीने मोजलेला ९१ हे जवळपास एकच आहे, मोजायची पद्धत वेगळी.

चौथ्या वेळी परत बॅटरी.

हॉर्न बसला होता

मी यात कसा आलो ते सांगतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दाजी संध्याकाळी मला दुकानातून घ्यायला आले होते. मागे बसलो. अशोक चौकात गर्दी, समोर कडब्याची ट्रॉली आडवी. पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. दाजींनी हॉर्न दाबला आणि तो बसलेल्या घशासारखा वाजला. मी म्हणालो, “दाजी, परत वाजवा.” परत तसाच. ट्रॉली हलली, गाडी पुढे निघाली, दाजींनी वेग घेतला आणि मी म्हणालो, “आता वाजवा.” खणखणीत.

माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. कारखान्यात पाऊल टाकलं की लूमच्या आवाजावरून व्होल्टेज कमी आहे का ते कळतं. मोटर जड घोरायला लागते, गरम होते, आणि मालक म्हणतो मोटर खराब आहे, रिवाइंड करून द्या. दहातल्या चार वेळा मोटर चांगली असते, किटकॅटचं (फ्यूजची तार बसवायच्या खटक्याचं) कॉन्टॅक्ट जळलेलं असतं. किटकॅट बाहेर ओढून परत खोचलं की दोन दिवस बरं चालतं, कारण ओढता-खोचताना पितळ घासून निघतं. मला तिथेच, दाजींच्या मागे बसल्या-बसल्या कळलं की गाडी प्रत्येक वेळी ‘दुरुस्त’ का होत होती. दरवेळी कुणीतरी फेअरिंग उघडत होतं, प्लग काढून बघत होतं आणि परत बसवत होतं.

त्या वेळी बोललो नाही. नुसतं म्हणालो, रविवारी गाडी दुकानात आणा.

मीटर कुठे लावायचा

साधा मल्टिमीटर पुरतो. पण बॅटरीवर लावून ‘साडेबारा दाखवतोय, ठीक आहे’ म्हणून उठू नका. हे तर सगळ्यांनीच केलं होतं.

रात्रभर चार्ज करून दोन तास ठेवलेली बॅटरी १२.७ दाखवत होती, म्हणजे बॅटरी शाबूत. गाडी सुरू केली. दाजींना म्हटलं, रस्त्यावर असतात तसे सगळे दिवे लावा. आणि पंखा सुरू होईपर्यंत आम्ही चहा घेतला. पंखा सुरू झाल्यावर, इंजिन आयडलला, बॅटरीवर ११.९. खाली-खाली येत होतं. बंद गाडीच्या बॅटरीपेक्षा चालू गाडीची बॅटरी कमी, म्हणजे चालू गाडी बॅटरी खात होती. ५००० आरपीएमला नेलं तर १२.८. तिथे चौदाच्या आसपास हवं. हायवेला का चालत होती आणि सिग्नलला का मरत होती याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. हायवेला पंखा बंद आणि आरपीएम वर, कसंबसं भागत होतं.

आता कमी कुठे पडतंय? इंजिनावर फिरून वीज बनवतो तो अल्टरनेटर. त्यातून तीन पिवळ्या वायरी निघतात. (बहुतेक जपानी गाड्यांत पिवळ्याच असतात.) त्यांचा प्लग काढून दोन-दोनच्या जोडीत एसी व्होल्ट मोजले. आकडा किती ते तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की तिन्ही जोड्या सारख्या यायला हव्यात, आणि कुठलीही पिवळी वायर बॉडीशी जोडलेली दाखवायला नको. एक जोडी कमी आली तर कॉइल जळली समजा, माझ्यासारख्याकडे न्या. इथे तिन्ही एकसारख्या होत्या. कॉइल चांगली.

मग ती मोजणी, जी कुणीच केली नव्हती. मीटर डीसीवर. एक टोक रेग्युलेटरमधून (अल्टरनेटरच्या एसीची डीसी करून बॅटरीला देतो तो) निघणाऱ्या पॉझिटिव्ह वायरवर, प्लगच्या रेग्युलेटरकडच्या बाजूला मागून पिन खुपसून. दुसरं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. गाडी चालू, दिवे चालू, पंखा चालू, ५००० आरपीएम. ही एकाच वायरची दोन टोकं आहेत, मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. ०.२ पर्यंत चालवून घ्या. आमच्याकडे आलं १.२. निगेटिव्हच्या बाजूला हेच केलं, तिथे ०.१, ठीक.

दाजी म्हणाले, “सव्वा व्होल्ट म्हणजे काय फार आहे का?” त्यांना हिशेब करून दाखवला. त्या वायरीतून त्या वेळी २० अँपिअर जात होते असं धरलं, तर २० गुणिले १.२ म्हणजे २४ वॉट. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न असतं. म्हणजे दोन वर्षं गाडीच्या पोटात एका प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये एक सोल्डरिंग आयर्न लावून ठेवलेलं होतं.

फेअरिंगचा डावा भाग उतरवला. रेग्युलेटर त्याच्या मागे, प्लग त्याच्या वर, टेपमध्ये गुंडाळलेला. टेप सोडवल्यावर वासच आला. पांढऱ्या प्लॅस्टिकला तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा डाग पडलेला. चारातली एक पट्टी निळसर झालेली, समोरच्या घराची स्प्रिंग सैल; पट्टी आत घातली तर गळ्यातल्या सैल माळेसारखी हलत होती. थंड असताना ती टेकत होती, तापली की सुटत होती. वीस मिनिटं सावलीत थांबल्यावर गाडी का सुरू व्हायची, तर एक म्हणजे प्लग थंड व्हायचा, आणि दुसरं, उपसलेली बॅटरी थोडा वेळ आराम मिळाला की एक स्टार्ट मारण्याइतकी सावरते. उन्हाशी त्याचा संबंध इतकाच.

शेजारच्या गल्लीत ट्रकचं वायरिंग करणारे एक अण्णा आहेत, पूर्व भागातले, साठी ओलांडलेले. त्यांना बोलावलं, कारण मोटारीची वायर आणि हलणाऱ्या गाडीची वायर यांत फरक आहे हे मला कळतं. मी सोल्डर घेऊन तयार होतो. अण्णांनी हात धरला. “डाग नको रे बाबा. डाग दिलं की वायर कडक होतंय, थरथरीनं तिथंच तुटतंय. लग दाब, वर स्लीव्ह घाल.” जळका भाग कापून रेग्युलेटरचा पॉझिटिव्ह जाड वायरने आणि ३० अँपिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर नेला. निगेटिव्हही तसाच. प्लग कायमचा गेला. परत मोजलं: ०.१.

पण प्लग का जळला

काम झालं म्हणून दाजी उठले होते. अण्णांनी खाली वाकून पुढे टॉर्च मारला आणि विचारलं, “हे दिवे कुणी लावलं?”

क्रॅश गार्डवर दोन मोठे जादा दिवे होते, ५५ वॉटचे दोन. ११० वॉट म्हणजे १२ व्होल्टला नऊ अँपिअर. हा जादा करंट रेग्युलेटरच्या त्या प्लगमधूनच यायचा, म्हणून तो तापून जळला. दाजी ते दिवसाही लावून ठेवायचे. अमेरिकेत मोटारसायकलचा हेडलाइट दिवसा जळतोच, तीच सवय. (इथे समोरून येणारा कुणी ना कुणी अजूनही पंजा उघडमिट करून सांगतो, ‘लाईट चालू आहे.’ दाजी प्रत्येकाला मान हलवून आभार मानतात आणि चालू ठेवतात.) ते दिवे लावणाऱ्या दुकानाने पॉझिटिव्ह कुठून घेतला होता? हाताशी आली त्या वायरीतून, म्हणजे रेडिएटरच्या पंख्याच्या रिलेला येणाऱ्या. पंखा पाच अँपिअर, दिवे नऊ, मिळून चौदा. फ्यूज पंधराचा. म्हणून फ्यूज कधी उडाला नाही, उडाला असता तर पहिल्याच आठवड्यात छडा लागला असता. त्या बारीक वायरीत इतकं व्होल्टेज खाल्लं जात होतं की बॅटरीवर ११.९ असताना पंख्यावर १०.७ मिळत होते. पंखा फिरत होता, ऐकू येत होता, म्हणून सगळे म्हणाले पंखा चांगला आहे. तो जेमतेम फिरत होता. वर त्या दिव्यांची बुडं रेडिएटरच्या तोंडाशी, आणि भर म्हणून पुढची नंबरप्लेट. अमेरिकेत मोटारसायकलला पुढे नंबरप्लेट लागतच नाही, त्यामुळे गाडीला त्यासाठी जागाच नाही. इथे २८५ बाय ४५ मिलिमीटरची पट्टी लागते; ती कुणीतरी हवा आत जाण्याच्या झरोक्यावर आडवी ठोकली होती.

आणि ते जादा दिवे का लावले? कारण दाजींना रात्री दिसत नव्हतं. का दिसत नव्हतं? कारण गॅरेजने हेडलाइट खाली वाकवला होता. का वाकवला? कारण विजापूर रोडला समोरचे ट्रकवाले डिप्पर मारून शिव्या घालायचे. का? कारण तो हेडलाइट उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी बनलेला होता, आणि एजंटची पट्टी पावसात गेली होती.

हेडलाइट भिंतीवर बघा

ही तपासणी फुकट आहे आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक गाडीला पहिल्याच आठवड्यात करावी. आम्ही एका चादरीच्या कारखान्याच्या गोडाउनची पांढरी भिंत निवडली, रात्री नऊनंतर. गाडी भिंतीपासून पाच मीटर, सरळ, साइड स्टँड वर, दाजी सीटवर बसलेले. हेडलाइटच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली. लो बीम लावला.

उजेडाची वरची कड डावीकडे सपाट होती आणि मधोमध आल्यावर उजवीकडे तिरकी वर चढत होती. अमेरिकेत उजवीकडे रस्त्याची कड असते, पाट्या असतात, म्हणून तिकडे उजेड वर फेकतात. आपल्याकडे उजवीकडे समोरच्याचे डोळे असतात. आपल्याला हवा तो झोत बरोबर उलटा: उजवीकडे सपाट, डावीकडे चढता. सपाट कड त्या रेघेच्या पाचेक सेंटिमीटर खाली यायला हवी. दाजींची वीस खाली होती, आणि तरी उजवं टोक रेघेच्या वर चढत होतं. म्हणजे वाकवूनही समोरच्याचे डोळे दिपायचे ते दिपतच होते, आणि दाजींना मात्र पुढच्या चाकापुरता उजेड.

बल्ब बदलून हे सुटत नाही. बल्ब दोन्हीकडे तोच असतो, झोत घडतो तो काचेत आणि रिफ्लेक्टरमध्ये. दाजींनी मध्ये एलईडी बल्बही घालून बघितला होता. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की उजेड चहूकडे फुटतो, त्यामुळे ट्रकवाल्यांच्या शिव्या तेवढ्या वाढल्या. उपाय एकच: डावीकडून चालणाऱ्या देशासाठी बनलेलं हेडलाइट युनिट. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि खुद्द जपान डावीकडून चालतात, त्यामुळे तिथे विकलेल्या त्याच मॉडेलचं युनिट मिळतं. पार्ट नंबर देशाप्रमाणे वेगळा असतो. गाडीचा चॅसिस नंबर देऊन मागवाल तर परत अमेरिकेचंच येईल, कारण तो नंबर सांगतो की गाडी अमेरिकेची आहे. ब्रिटनच्या गाडीचा पार्ट नंबर शोधून त्यानेच मागवा. दाजींचं युनिट यायला दीड महिना लागला. बसायला अर्धा तास. कनेक्टर तेच, स्क्रू तेच.

नवं युनिट बसवून परत भिंत बघितली, कड पाच सेंटिमीटर खाली आणली, आणि दाजी त्या रात्री एकटेच तुळजापूरला जाऊन आले. पंचेचाळीस किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, एकही डिप्पर नाही.

५५ वॉटचे दिवे काढून टाकले. धुक्यासाठी लागतील म्हणून दाजींनी अठरा-अठरा वॉटचे दोन एलईडी लावून घेतले, पण बाजूला, रेडिएटरच्या वाटेबाहेर, स्वतःचा रिले आणि स्वतःचा फ्यूज, पॉझिटिव्ह थेट बॅटरीतून. जादा दिव्यांवर आरटीओ हरकत घेऊ शकतं हे त्यांना सांगितलंय. पंख्याच्या वायरीला आता पंखा सोडून काही नाही. नंबरप्लेट झरोक्यावरून उचलून हेडलाइटखाली आणली. रेडिएटरच्या जाळीत कडब्याचा भुसा आणि धूळ नमद्यासारखी बसली होती. ती मागून पुढे, साध्या पाइपच्या पाण्याने काढा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन लावाल तर पापुद्र्यासारखे फिन आडवे होतात आणि मग हवाच जात नाही.

पंखा चालू, दिवे चालू, आयडलला आता बॅटरीवर १३.२. वर नेलं की १४.

तुमच्या गाडीवर करायचं असेल तर

आधी हॉर्न ऐका, सिग्नलला पंखा सुरू असताना आणि नंतर चालत्या गाडीवर. आवाज बदलत असेल तर थर्मोस्टॅट, पंप, बॅटरी यांपैकी काहीही विकत घेऊ नका. इंडिकेटर आयडलला संथ मारत असेल किंवा मीटरचं घड्याळ आपोआप शून्यावर येत असेल तरी तेच समजा. मग भार टाकून बॅटरी, मग रेग्युलेटर ते बॅटरी. तिथे ०.२ च्या आत आलं आणि तरी चार्जिंग कमी, तरच पिवळ्या वायरी आणि रेग्युलेटरकडे वळा. पंख्याचं व्होल्टेज पंख्याच्याच प्लगवर मोजा. आणि गाडी घेतल्यापासून कुणी काय जादा जोडलंय, मोबाईल चार्जरपासून अलार्मपर्यंत, प्रत्येकाची वायर हाताने धरून शेवटपर्यंत जाऊन बघा. आमच्या गाडीत अशा पाच निघाल्या. एक कुठेच जात नव्हती.

हॉर्न नीट आहे आणि तरी काटा चढतो, कूलंट डब्यात उकळून येतं, तर मात्र तुमचं दुखणं वेगळं आहे. झाकण, थर्मोस्टॅट, वॉटर पंप याच क्रमाने बघा, आणि डब्यात बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट.

अजून एक, बंद पडण्याशी संबंध नसलेलं. स्पीडोमीटरवर किलोमीटर आले, पण या गाडीचा एकूण धावेचा आकडा अजून मैलातच आहे. मागच्या सर्व्हिसला गॅरेजच्या मुलाने ‘६००० झाले’ म्हणून लिहून घेतलं आणि ऑइल बदललं. ते ६००० मैल, म्हणजे साडेनऊ हजार किलोमीटरच्याही वर. ऑइल डांबरासारखं निघालं. आता दाजींनी टाकीच्या झाकणापाशी कागद चिकटवलाय: ‘गुणिले १.६’.

समोरच्या इंडिकेटरचं काम तेवढं राहिलंय. अमेरिकेच्या गाडीत ते पार्किंग लाइटसारखे कायम मंद पेटलेले असतात, त्यामुळे मागून-पुढून कुणी ना कुणी ओरडतं, “काका, इंडिकेटर बंद करा.” ती एक वायर कापायची आहे. अण्णा म्हणालेत, पावसाळ्याआधी या.